खंड्या किती मिलिमीटरचा?

छोटा खंड्या चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत जेमतेम १६-१७ सेंटिमीटर भरतो. तो ओढ्यापलीकडच्या फांदीवर, आपल्यापासून २० मीटरवर बसलाय असं धरू. कॅमेऱ्याला २५० मिलिमीटरची लेन्स लावलीय. तर आत फोटो टिपणाऱ्या सेन्सरवर त्याची प्रतिमा केवढी पडेल? हिशोब शाळकरी आहे. खंड्याची लांबी गुणिले लेन्सचे मिलिमीटर, भागिले अंतर. उत्तर येतं दोन मिलिमीटर. माझ्या कॅमेऱ्याच्या सेन्सरची रुंदी २२ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे चौकटीचा दहावा हिस्सासुद्धा खंड्याच्या वाट्याला येत नाही. उरलेले नऊ हिस्से पाणी, पाला आणि फांदी.

हा हिशोब मी विजेच्या बिलाच्या पाठीवर मांडला होता. नवी टेलिफोटो, म्हणजे लांबचं मोठं दाखवणारी लेन्स घ्यायचं मनात पक्कं होतं, पैसे मात्र कच्चे होते. कॅनन २००डी हा तसा नवशिक्यांचाच कॅमेरा आणि त्यावर ५५ ते २५० मिलिमीटर फिरणारी ५५-२५० ही छोटी झूम, एवढ्यावर बरीच वर्षं निभावलं होतं. मग पुण्यातल्या पाषाण तलावाच्या काठावर शेजारी उभं राहून लोक तोफेएवढाल्या लेन्सी रोखायला लागले आणि मला माझ्या हातातली लेन्स अचानक आखूड वाटायला लागली.

हौशी छायाचित्रकाराला लोक दोनच प्रश्न विचारतात: केवढ्याला पडली, आणि किती लांबचं दिसतं. पहिल्याचं उत्तर घरी थोडं कमी करून सांगायचं असतं, दुसऱ्याचं मित्रांमध्ये थोडं वाढवून. खरं तर लेन्स घेताना आपणही स्वतःला हेच दोन प्रश्न विचारत बसतो आणि तिथेच फसतो. कारण ‘किती लांबचं’ हे एकट्या लेन्सवर ठरत नाही.

बिलावर त्याच हिशोबाखाली दुसरी ओळ मांडली. तोच खंड्या, तेच २० मीटर, पण लेन्स ६०० मिलिमीटरची. प्रतिमा पाच मिलिमीटर. तिसरी ओळ: लेन्स माझी जुनी २५०चीच, पण मी दहा मीटर पुढे सरकलोय. प्रतिमा चार मिलिमीटर. म्हणजे ऐंशी-नव्वद हजारांची लेन्स जे देणार होती, त्यातलं बरंचसं दहा मीटर चालून फुकटात मिळत होतं. अर्थात खंड्याची हरकत नसेल तर.

आणि सगळी गोम त्या हरकतीत आहे. प्रत्येक पक्ष्याचं एक अंतर ठरलेलं असतं. त्याच्या आत तुम्ही पाऊल टाकलंत की तो उडालाच. आमच्या सोसायटीतल्या जास्वंदीवर येणारा शिंजीर चार मीटरवर मी उभा असलो तरी ढुंकून बघत नाही. वेडा राघू तारेवर बसला की बसला. खालून माणसं, गाड्या, कुत्री जाऊ देत, त्याचं लक्ष माश्यांवर. उलट माळरानावरची ससाणी मंडळी गाडीचं दार उघडल्याचा आवाज झाला तरी क्षितिजावर पोचलेली असतात. आणि हे अंतर जागेप्रमाणे बदलतं. ज्या तलावावर रोज माणसं फिरायला येतात तिथला बगळा आणि एखाद्या आडगावच्या पाझर तलावावरचा बगळा, जात एकच पण स्वभाव दोन. पक्षी जेवढं येऊ देतो तेवढं आपण चालायचं आणि तिथून पुढचं अंतर लेन्सनं कापायचं. पैसे मोजायचे ते ह्या उरलेल्या अंतराचे. ते किती उरतं हे दुकानदाराला माहीत नसतं, आपल्याला माहीत असायला हवं.

एक चौथी ओळसुद्धा मी लिहिली होती, ती जरा बोचरी होती. २४ मेगापिक्सेलच्या चौकटीत आडवे ६००० ठिपके असतात. दोन मिलिमीटरच्या त्या खंड्याच्या वाट्याला त्यातले साडेपाचशे येतात. ए३ आकाराचा चांगला प्रिंट काढायचा तर लांब बाजूला पाच हजारांच्या घरात ठिपके हवेत, तिथे हे काहीच नाही. पण आपण फोटो टाकतो कुठे? नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर. तिथे तो दाबून-चेपून इवलासा होतो, वर मामी विचारतात, ‘हा पोपट का?’ साडेपाचशे ठिपके मामींना पुरून उरतात. भिंतीवर टांगायचे फोटो वर्षाकाठी किती निघतात हे ज्यानं त्यानं आपल्याशी खरं खरं बोलावं आणि मग दुकानाची पायरी चढावी.

आता किमतीचं. टेलिफोटो लेन्स महाग असते ती लांब असते म्हणून, असं बऱ्याच जणांना वाटतं. ते अर्धंच खरं. लेन्सच्या मिलिमीटरांना तिच्या एफच्या आकड्यानं भागा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या तोंडाचा व्यास मिळतो. ६०० एफ ४ म्हणजे १५० मिलिमीटर. ६०० एफ ६.३ म्हणजे ९५. सिग्माची कंटेम्पररी आणि टॅमरॉनची अशा दोन्ही १५०-६०० लेन्सींच्या तोंडावर फिल्टरचा आकडा वाचा: ९५. योगायोग नाही, ती काच त्याहून लहान करताच येत नाही. आता १५० आणि ९५ ह्यांच्या क्षेत्रफळाची तुलना केली तर काच अडीचपट होते. किंमत मात्र दहापटीच्याही पुढे जाते. व्यावसायिकांच्या ६०० एफ ४ लेन्सी आज नव्या घ्यायच्या तर दहा लाखांच्या वर जातात. म्हणून ‘परवडणारी टेलिफोटो’ म्हणजे सरळ हिशोबात ‘अंधुक टेलिफोटो’. लांबी मिळते, उजेड सोडावा लागतो. हे एकदा मनाशी कबूल केलं की बाकीची निवड सोपी होते.

सोडलेल्या उजेडाची किंमत कुठे भरावी लागते ते पाहायचं असेल तर पावसाच्या तोंडावर सिंहगडाच्या पायथ्याच्या दरीत जावं. पुण्यातले पक्षीवेडे तिला सिंहगड व्हॅलीच म्हणतात. नवरंग त्याच सुमारास येतो. नऊ रंगांचा पक्षी आणि बसतो कुठे, तर करवंदीच्या जाळीखाली, पालापाचोळ्यात, जिथे भर दुपारी संध्याकाळ असते. तिथे एफ ४ ला १/४०० सेकंदाचा शटरवेग मिळत असेल तर एफ ६.३ ला १/१६० वर समाधान मानावं लागतं. नवरंग स्वस्थ उभा असेल तर चालून जातं, पण तो एका जागी ठरत नाही. दोन उड्या, एक चोच मातीत, पुन्हा दोन उड्या. मग आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडासाठीची संवेदनशीलता, चढवायचा आणि फोटोत दाणे स्वीकारायचे. ह्या बाबतीत काळ हौशी माणसाच्या बाजूनं झालाय, हे मात्र सांगितलं पाहिजे. दाणे काढणारी सॉफ्टवेअर्स आता इतकी सुधारली आहेत (लाइटरूममध्ये ती सोय २०२३ पासून आली) की पूर्वी ज्या आयएसओला आम्ही हात लावत नव्हतो तिथला फोटोसुद्धा वापरण्याजोगा होतो. त्यानं हललेला फोटो मात्र सरळ होत नाही.

बाजाराची थोडी वंशावळ मांडतो, कारण जुन्या वस्तूंच्या खरेदीत ती लागते. हौशी लोकांच्या हातात ६०० मिलिमीटर सर्रास आलं ते टॅमरॉननं २०१३च्या अखेरीस १५०-६०० जाहीर केली तेव्हापासून. पाठोपाठ २०१४ मध्ये सिग्मानं त्याच मापाच्या दोन काढल्या: एक कंटेम्पररी, दोन किलोंच्या आतबाहेरची, आणि एक स्पोर्ट्स, पावणेतीन किलोंच्या पुढची. २०१५ मध्ये निकॉनची २००-५०० एफ ५.६ आली आणि निकॉनवाल्यांनी सुटकेचा श्वास सोडला. ह्यांतल्या बहुतेक लाखाच्या अलीकडे-पलीकडे फिरतात. त्याच २०१५ मध्ये निकॉननं पी९०० हा लेन्स न बदलता येणारा कॅमेरा काढला, ‘२००० मिलिमीटर’वाला. कोजागिरीला गच्चीवर सगळ्यांना चंद्राचे खड्डे दाखवून भाव खाऊन जाणारा तो हाच. त्यात प्रत्यक्षात ३५७ मिलिमीटरची लेन्स आणि बोटाच्या नखाहून लहान सेन्सर असतो, म्हणून चंद्र चौकट भरून येतो. चंद्राला भरपूर उजेड असतो आणि तो उडत नाही. जाळीतल्या नवरंगापुढे त्या कॅमेऱ्याची दमछाक होते. तरी नुसती पक्ष्यांची नोंद ठेवायची आहे, ओळख पटण्यापुरता फोटो हवा आहे, अशा माणसाला मी अजूनही तसाच कॅमेरा सुचवीन. लोक नाक मुरडतात, पण वजन आणि किंमत दोन्ही बघता त्याला तोड नाही.

मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांबरोबर आणखी एक जात आली. कॅनननं २०२० मध्ये आपल्या मिररलेसच्या आरएफ माउंटसाठी (लेन्स बसवायच्या खाचेसाठी) ६०० आणि ८०० मिलिमीटरच्या एफ ११ लेन्सी काढल्या. एफ ११, तेही कायमचं. छिद्र लहानमोठं करायची सोयच नाही. आरसा असलेल्या जुन्या डीएसएलआरच्या ऑटोफोकसनं ह्यापुढे हात टेकले असते. नवे कॅमेरे थेट सेन्सरवरूनच फोकस साधतात म्हणून ते जमतं. ६००वाली एक किलोहूनही हलकी आहे. उन्हातल्या पाणथळीवर ती मजेत चालेल, झाडीत नाही. पुढच्या वर्षी आलेली १००-४०० मला त्यांच्यापेक्षा शहाणी वाटते: ६३५ ग्रॅम, आणि एक मीटरच्याही आत फोकस होते, त्यामुळे पक्षी नाही मिळाले तर फुलपाखरं मिळतात.

खालच्या पायरीवर दोन सापळे आहेत, तेवढे सांगून पुढे जातो. एक, कॅननची ७५-३०० आणि ५५-२५० ह्यांत आकड्याला भुलून पहिली घेऊ नये. ३०० हे २५०पेक्षा मोठं दिसतं, पण तिच्यात हात हलल्याची भरपाई करणारी यंत्रणा नाही आणि शेवटच्या टोकाला ती मऊ, म्हणजे धूसर पडते. ५५-२५०चा फोटो कापून मोठा केला तरी तो तिच्यापेक्षा सरस निघतो. दोन, निकॉनची एएफ-पी ७०-३००. दिसायला सारख्याच दोन लेन्सी, एकीच्या नावात व्हीआर (हात हलल्याची भरपाई) आहे आणि दुसरीच्या नाही. वर डी९० सारख्या जुन्या बॉडीवर तिचा ऑटोफोकस चालतच नाही. उलट निकॉनच्या डी३०००, डी५००० मालिकेतल्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वस्तात मिळालेली, कॅमेऱ्यातल्या मोटरवर चालणारी जुनी स्क्रूवाली लेन्स त्यांच्यावर हातानंच फिरवत बसावी लागते. ओएलएक्सवरची ‘फारच स्वस्त’ लेन्स बहुधा ह्यांतल्याच कशामुळे तरी स्वस्त असते.

तर, मोठी लेन्स घ्यायच्या आधी ती भाड्यानं आणायची असं मी ठरवलं. पुण्यात शनिवार-रविवारसाठी लेन्स भाड्यानं देणारी दुकानं आहेत. अनामत आणि ओळखपत्र घेतात, परत करताना काच तपासतात. १५०-६०० आणली आणि भिगवण गाठलं.

भिगवण म्हणजे उजनीचा फुगवटा. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पुरं झालं आणि मागे मैलोन्‌मैल उथळ पाणी पसरलं. पुण्याहून सोलापूर रस्त्यानं शंभर किलोमीटर. पाणी फारच उतरलं की पळसदेवचं बुडालेलं देऊळ वर येतं, तेव्हा तेही बघायला माणसं लोटतात. पक्ष्यांसाठी जायचं ते कुंभारगाव, डिकसळच्या बाजूला, मासेमारी करणाऱ्यांच्या होड्यांतून. त्या दिवशी आमचा नाववाला जेमतेम पंचविशीतला होता. लेन्सकडे एकदा बघून म्हणाला, ‘साहेब, हिला गुडघ्यावर घेऊन बसा. उभं राहू नका, होडी डुलती.’

रोहित पक्ष्यांचा थवा दिसल्यावर त्यानं इंजिन बंद केलं आणि बांबूनं होडी रेटायला लागला. मी घाई करत होतो. तो शांतपणे म्हणाला, ‘माना खाली घालून खात्यात ना, तवर जवळ जाता येतं. एकानं मान वर केली की आपण थांबायचं. दोघा-तिघांनी केली की मागं यायचं. उडवलं तर दिवसभर हिकडं फिरकत नाहीत, मग माझ्या मागनं येणाऱ्या होड्यांनी काय बघायचं?’ एकानं मान वर केली, तो थांबला. अंतर असेल चाळीस मीटर. मी कॅमेरा डोळ्याला लावला, लेन्स ६०० वर फिरवली आणि समोर नुसते गुलाबी पाय दिसले. जरा वर केल्यावर नुसती मान. उभा रोहित सव्वा मीटरच्या पुढे भरतो. चाळीस मीटरवर ६०० मिलिमीटरला त्याची प्रतिमा १९-२० मिलिमीटरची होते आणि आडव्या चौकटीची उंची आहे १५. म्हणजे मावणारच नव्हता. झूम मागे घेत घेत फोटो जिथे बरा दिसायला लागला तिथे कडीवरचा आकडा पाहिला तर तीनशेच्याही अलीकडे होता. थव्यासाठी आणखी मागे यावं लागलं. घरी कपाटात ठेवून आलेल्या लेन्सचं हे काम होतं.

कुरव पक्ष्यांनी तर चेष्टाच केली. पर्यटक शेव-फरसाण टाकतात म्हणून ते होडीच्या डोक्यावर घिरट्या घालतात. (खाऊ घालू नये. नाववालाही तेच सांगत होता, पण शेजारच्या होडीतल्या काकू ऐकत नव्हत्या.) दोन किलोंची लेन्स घेऊन डोक्यावरून जाणाऱ्या कुरवामागे वळायचं म्हणजे होडीत तोल सांभाळण्याची कसरत. १५०-६०० घ्यायच्या विचारात असलेल्यांना मी एक परीक्षा सांगतो: दोन किलो कांद्यांची पिशवी घ्या आणि ती डोळ्यांच्या उंचीवर धरून पाच मिनिटं उभे राहा. मग कांदे ठेवून दोन मिनिटांनी पुन्हा उचला. सकाळभर हेच करायचं असतं.

६०० खरोखर लागली ती ऑस्प्रे ह्या मासेमार शिकारी पक्ष्याला. पाण्यात रोवलेल्या जाळ्याच्या खुंटावर तो मासा घेऊन बसला होता, शंभरेक मीटरवर, आणि नाववाल्यानं तिथून पुढे जायला सरळ नकार दिला. त्याचंच बरोबर होतं. एव्हाना साडेनऊ वाजून गेले होते. ऊन तापलं होतं, पाण्यावरची हवा थरथरायला लागली होती. मी भराभर फोटो काढले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर मोठे करून पाहिले तर प्रत्येक फोटोत ऑस्प्रेचं डोकं वेगळ्या आकाराचं. फोकस नीट होता, हात हलला नव्हता, लेन्सचाही दोष नव्हता. मधल्या शंभर मीटर हवेचा फोटो निघाला होता. दहा लाखांच्या लेन्सनंही तो तसाच निघाला असता. सात वाजता तिथे असतो तर गोष्ट वेगळी होती, पण त्यासाठी पुण्यातून चार वाजता निघावं लागतं. ते कुठल्याही दुकानात मिळत नाही.

परत येताना गाडीत डोकं बऱ्यापैकी स्वच्छ झालं होतं. वाघाचं वेड मला नाही; ताडोब्याला वर्षाआड जाणं होतं ते घरच्यांबरोबर, आणि तिथे जिप्सीतून वाघ दिसला तर कित्येकदा इतका जवळ असतो की छोटी लेन्सच उपयोगी पडते. माळरानावर, सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात चिंकारा बघायला जातो तेव्हा गाडीतूनच फोटो काढायचे असतात. जुन्या जीन्सच्या पायाला दोन्हीकडून शिवून आत तांदूळ भरले की खिडकीवर ठेवायला उत्तम उशी होते. (तांदूळ वर्षानं बदलावेत. किडे होतात.) माझं खरं सुख पाण्यावर उडणाऱ्या पक्ष्यांत आहे. नदी सुरय, कुरव, चक्रवाकांच्या जोड्या, हिवाळ्यात आकाशात रांग धरून येणारे पट्टकादंब. उघडी जागा, भरपूर उजेड, हातात धरून भिरभिर वळवता येईल अशी लेन्स. उडत्या पक्ष्याला १/२००० च्या आसपास वेग लागतो. त्या वेगाला हात हलण्याची भरपाई असली काय आणि नसली काय.

इतकं स्वच्छ झाल्यावर जी लेन्स समोर आली ती कुठल्याच ‘टॉप टेन’मध्ये नव्हती. कॅननची ४०० एफ ५.६ एल, १९९३ सालची. झूम नाही, स्थिरीकरण नाही, सव्वा किलो वजन, तिरका उजेड अडवणारं हूड लेन्सच्याच अंगावर सरकणारं. ३.५ मीटरच्या आत फोकस होत नाही. मिररलेसच्या लाटेत लोक डीएसएलआरच्या जुन्या ईएफ लेन्सी विकायला काढतायत, त्यात ती नव्या १५०-६००च्या जवळपास निम्म्या भावात मिळत होती. दादरला एक निवृत्त गृहस्थ विकत होते.

मुंबई म्हटल्यावर माझी पहिली भीती बुरशीची. कोकणपट्टीतल्या पावसाळ्यात बंद बॅगेत ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते. काचेवर पांढुरके बारीक धागे, कडेपासून आत सरकणारे. एकदा तिनं काचेवरचा लेप खाल्ला की साफ करूनही डाग राहतो. काकांनी दार उघडल्या उघडल्या विचारलं, ‘टॉर्च आणलाय ना?’ मी हो म्हणालो. ‘मग पडदे ओढून घेतो.’ अंधारात लेन्सची दोन्ही झाकणं काढून, टॉर्च तिरका धरून मागच्या बाजूनं आत पाहिलं. समोरच्या काचेखाली धुळीचे चार कण चमकले. त्यांनी फोटोत काही होत नाही. धागे नव्हते. कपाटात आर्द्रता ४५ टक्क्यांवर ठेवणारी पेटी होती, आत बाकीच्या लेन्सी ओळीनं उभ्या.

मग माझ्या कॅमेऱ्यावर लावून पाहिली. हे महत्त्वाचं, कारण २००डी सारख्या बॉडीत फोकस किंचित पुढे-मागे होत असेल तर तो जुळवून घ्यायची सोय नसते; लेन्स आणि बॉडीचं आपसात पटतंय का ते आधीच बघावं लागतं. गॅलरीच्या कठड्यावर कावळा होता, पलीकडच्या इमारतीवर पाण्याच्या टाकीचं नाव होतं. दोन्ही टोकदार आले. फोकसची मर्यादा ठरवणारं बटण ८.५ मीटरवर आणि पुन्हा ३.५ वर टाकून पाहिलं. छिद्र लहान करून पात्यांवर तेल आलंय का तेही पाहिलं.

‘कशाला घेताय?’ काकांनी चहा पुढे करत विचारलं. मी उजनी म्हणालो. ‘मग ठीक. वाघासाठी म्हणाला असतात तर नको म्हटलं असतं. पहाटे सहाला हिला काही दिसत नाही.’ विकायचं कारण त्यांचा खांदा होता. डॉक्टरांनी सव्वा किलोसुद्धा बंद केलं होतं. भाव त्यांनी सांगितला तोच राहिला. मी घासाघीस करायचं ठरवून गेलो होतो, पण पडदे स्वतः ओढणाऱ्या माणसाशी ती करवली नाही. वर सिलिका जेलच्या पुड्या दिल्या आणि बजावलं, ‘निळ्याचे गुलाबी झाले की तव्यावर मंद आचेवर भाजायचे. बायकोचा चांगला तवा घेऊ नका.’

आता ती लेन्स घट्ट झाकणाच्या डब्यात, पुड्यांसकट, आमच्या धान्याच्या कपाटाच्या वरच्या फळीवर असते. उजनीवर तिनं अपेक्षेप्रमाणे काम केलं. सुरयीच्या मागे फिरवताना ती हातात आहे हेच जाणवत नाही, आणि काळ्या टोपीखालचा काळा डोळा निराळा दिसतो, जी माझी बरीच जुनी इच्छा होती. लेन्सची पोच १.४ पट करणारा कन्व्हर्टर लावून ५६० करायचा मोह झाला होता. पण मग ती एफ ८ होते आणि माझ्या कॅमेऱ्याचा व्ह्यूफाइंडरमधला ऑटोफोकस एफ ५.६च्या पुढे चालत नाही, त्यामुळे तो विषय तिथेच मिटला. लांबच्या खंड्याला हिच्यात सव्वातीन मिलिमीटर मिळतात. बाकीचे ओढ्याकाठी बसून राहून मिळवायचे.

५५-२५० विकायची नाही असं घरात ठरलंय. ती मुलगी वापरते. पाऊण-एक मीटरवर फोकस होत असल्यानं तिला फुलपाखरं आणि चतुर मिळतात, जे माझ्या ४००ला कधीच जमणार नाही. गेल्या पावसाळ्यात तिनं घाणेरीवरच्या फुलपाखराचा काढलेला फोटो आमच्या दिवाणखान्यात आहे. माझा अजून एकही नाही.

आणि नवरंगासाठी, जूनच्या तोंडाला, मी ३०० एफ ४ भाड्यानं आणतो. एका शनिवार-रविवारचं काम, त्यासाठी लेन्स विकत घेण्यात अर्थ नाही. दुकानदाराला मात्र पंधरा दिवस आधी सांगून ठेवावं लागतं. त्या आठवड्यात पुण्यातल्या निम्म्या पक्षीवेड्यांना तीच हवी असते.